वाहनकर आणि राज्यमार्ग : रहिमतपूर परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

रस्ता सर्वांचा असतो. परंतु त्याचा खर्च कोणी सोसावा, या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक काळात वेगळे दिले गेले आहे. सातारा जिल्ह्याच्या कोरेगाव तालुक्यातील रहिमतपूर हे या प्रश्नाच्या अभ्यासासाठी उपयुक्त ठिकाण आहे. पुणे-बंगळूर महामार्ग गावाच्या पश्चिमेकडून सातारा, उंब्रज, कराड असा जातो. पुणे-मिरज लोहमार्गावर रहिमतपूर नावाचे स्थानकही आहे. तथापि गावाचा बाजार, उसाची वाहतूक आणि विद्यार्थ्यांची ये-जा हा दैनंदिन व्यवहार सातारा, कोरेगाव, औंध, पुसेसावळी आणि पुढे सांगली जिल्ह्यातील विट्याकडे जाणाऱ्या रस्त्यांवरच अवलंबून आहे. अशा मध्यम वर्दळीच्या रस्त्यांसाठी पैसा कोठून आला आणि वाहनधारकाने भरलेल्या कराचे रस्त्याशी असलेले नाते कसे बदलत गेले, याचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

शेतसाऱ्यावर उभा राहिलेला रस्ता

मुंबई इलाख्यात १८६३ पासून स्थानिक निधीची पद्धत सुरू झाली. शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा उपकर घेतला जाई. त्यातील दोन तृतीयांश रक्कम रस्त्यांसाठी व एक तृतीयांश शाळांसाठी राखून ठेवली जाई. १८६९ च्या कायद्याने या व्यवस्थेला वैधानिक रूप दिले. १८७५ च्या कायद्यानुसार रस्ते व पूल यांवर पथकर घेण्याची तरतूद झाली आणि १८८४ नंतर जिल्हा व तालुका लोकल बोर्डे अस्तित्वात आली.

याचा अर्थ असा की, ज्याच्याकडे बैलगाडी नव्हती तो शेतकरीसुद्धा रस्त्याचा खर्च देत होता. गाडीवान त्याशिवाय नाक्यावर पथकर देत असे. रहिमतपूर ब्रिटिश मुलखात होते, तर जवळचे औंध हे संस्थानाच्या राजधानीचे गाव होते. काही मैलांच्या प्रवासात राज्यकर्ता बदलत असे आणि त्याबरोबर रस्त्याची जबाबदारीही बदलत असे. एवढे असूनही या व्यवस्थेत एक गोष्ट स्पष्ट होती : उपकराचा ठराविक हिस्सा रस्त्याचाच आहे, हे देणाऱ्याला आणि घेणाऱ्यालाही ठाऊक होते.

मोटारीचे आगमन व जयकर समिती

पहिल्या महायुद्धानंतर मोटारींची संख्या वाढली. बैलगाडीच्या लोखंडी धावेने खडी भरडली जाई. वेगवान मोटारीच्या रबरी चाकांमुळे खडीला बांधून ठेवणारा बारीक मुरूम उडून जाई. दोन्हींचा मारा एकाच रस्त्यावर होऊ लागल्याने लोकल बोर्डांचे उत्पन्न अपुरे पडू लागले.

या पार्श्वभूमीवर १९२७ मध्ये मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली भारतीय मार्ग विकास समिती नेमण्यात आली. रस्त्यांचा विकास प्रांतिक सरकारे व स्थानिक संस्था यांच्या आर्थिक आवाक्याबाहेर जात आहे, असा निष्कर्ष समितीने १९२८ च्या अहवालात मांडला. त्यानुसार पेट्रोलवरील कर गॅलनमागे चार आण्यांवरून सहा आणे करण्यात आला आणि वाढीव दोन आण्यांतून १९२९ मध्ये केंद्रीय मार्ग निधी निर्माण झाला. 'जो रस्ता वापरतो त्याने रस्त्यासाठी द्यावे, आणि दिलेले रस्त्यालाच मिळावे' हे सूत्र येथे प्रथमच अखिल भारतीय पातळीवर स्वीकारले गेले.

मुंबई इलाख्यात १९३५ च्या मोटार वाहन कर कायद्याने हे कर प्रांतिक पातळीवर एकत्र आणले. स्थानिक संस्था मोटारींवर घेत असलेल्या पथकराची व चाकपट्टीची जागा या कराने घेतली आणि त्यांच्या बुडालेल्या उत्पन्नाची भरपाई सरकारकडून करण्याची व्यवस्था झाली. वाहनधारकाची नाक्यानाक्यावरील अडवणूक संपली. पण त्याचबरोबर पैसा जमा होण्याचे ठिकाण रस्त्यापासून दूर गेले.

एकत्रित निधी आणि दुरावलेले नाते

१९४३ च्या नागपूर योजनेने रस्त्यांची राष्ट्रीय, प्रांतिक, जिल्हा व ग्रामीण अशी प्रतवारी केली. १९४७ मध्ये राष्ट्रीय महामार्गांची आर्थिक जबाबदारी केंद्राने घेतली. प्रांतिक महामार्ग, म्हणजेच आजचे राज्यमार्ग, राज्याच्या तिजोरीवर राहिले. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार वाहनांवरील कर व पथकर हे दोन्ही विषय राज्यसूचीत आहेत. परंतु अनुच्छेद २६६ प्रमाणे राज्याचा महसूल सर्वसाधारणपणे एकत्रित निधीत जमा होतो. १९३५ च्या कायद्याची जागा घेणाऱ्या १९५८ च्या कायद्याखालील वाहनकरही त्याच वाटेने जातो.

न्यायालयांनी काही काळ हे नाते तत्त्वतः टिकवून ठेवले. १९६२ मध्ये राजस्थानातील वाहतूकदारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वाहनकर हा रस्त्यांच्या सोयीचा मोबदला असल्याचे मानले होते. २०१६ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने जिंदाल स्टेनलेस प्रकरणात हा मोबदला-कराचा सिद्धान्तच नाकारला. त्यामुळे वाहनकर रस्त्यावर खर्च व्हावा, या अपेक्षेला असलेला न्यायालयीन आधार उरला नाही. आता तसा आधार निर्माण करायचा तर तो विधिमंडळानेच करावा लागेल.

असे निधी टिकत नाहीत, हा आक्षेप निराधार नाही. ब्रिटनमधील मार्ग निधीतील रक्कम १९२६-२७ च्या सुमारास अर्थमंत्री चर्चिल यांनी सर्वसाधारण खर्चाकडे वळवली आणि १९३७ पासून वाहनकर थेट तिजोरीत जाऊ लागला. दवाखाने व शाळा यांचाही तिजोरीवर तितकाच हक्क आहे, हा युक्तिवादही दुर्लक्षिण्याजोगा नाही.

रोजगार हमीचा धडा

तथापि विशिष्ट कर विशिष्ट कामाशी बांधण्याचा अनुभव महाराष्ट्राला आहे आणि त्याचे मूळ याच परिसरात सापडते. १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्याचाच भाग असलेल्या तासगाव तालुक्यात, विसापूर येथे, १९६५ मध्ये वि. स. पागे यांच्या प्रेरणेने रोजगार हमीचा प्रयोग झाला. पुढे या योजनेसाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर लागू झाला आणि मोटार वाहनांवरील करातही या कामासाठी भर घालण्यात आली. या करांच्या उत्पन्नाइतकी रक्कम शासनानेही घालावी, असे ठरले. १९७७ च्या कायद्याने त्यासाठी स्वतंत्र निधी निर्माण केला. म्हणजे वाहनधारकाचा पैसा ग्रामीण मजुराच्या कामाशी कायद्याने जोडता आला. तो रस्त्याशी जोडता येत नाही, असे म्हणण्यास आधार नाही.

पथकराचे पुनरागमन

१९९६ मध्ये महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ स्थापन झाले आणि खाजगी गुंतवणुकीच्या रस्त्यांवर पथकर पुन्हा आला. लोकांचा विरोध वाढल्यावर २०१५ मध्ये राज्य शासनाने १२ नाके बंद केले व ५३ नाक्यांवर मोटारी आणि एस.टी. बसगाड्यांना सूट दिली. या साऱ्या वादात एक मुद्दा झाकोळला गेला. पथकर केवळ प्रचंड वर्दळीच्या रस्त्यालाच पोसू शकतो. रहिमतपूर-पुसेसावळीसारखा रस्ता नाका उभारून परतावा देणारा नाही आणि अंतर्गत ग्रामरस्ता म्हणून सोडून देण्याजोगाही नाही. नाक्यांवर विसंबलेल्या धोरणात असे रस्ते मागे पडणे स्वाभाविक आहे.

निष्कर्ष

उपकराच्या काळात देणाऱ्यावर अन्याय होता, पण पैशाचा मार्ग निश्चित होता. वाहनकराच्या काळात देणारा योग्य निवडला गेला. पैशाचा मार्ग मात्र अनिश्चित झाला. त्यामुळे वाहनकराचा ठराविक हिस्सा राज्यमार्गांच्या देखभालीसाठी कायद्याने राखून ठेवणे इष्ट वाटते. मात्र त्याचे वाटप कर जेथे जमा झाला त्या परिवहन कार्यालयानुसार होऊ नये. तसे झाल्यास मोठा हिस्सा मुंबई-पुण्याकडे जाईल. सातारची एमएच-११ आणि कराडची एमएच-५० एवढ्याच क्रमांकांची वाहने या रस्त्यांवर धावत नाहीत. ऊस वाहणारा ट्रक कोठेही नोंदलेला असू शकतो. म्हणून रस्त्याची लांबी, वाहनांचा भार व पावसाने होणारी झीज हे वाटपाचे निकष असावेत. शेतसाऱ्यातून दोन तृतीयांश आणा रस्त्यासाठी बाजूला काढणे ज्या प्रदेशात दीडशे वर्षांपूर्वी शक्य झाले, तेथे वाहनकरातून एक निश्चित वाटा बाजूला काढणे आज अशक्य मानण्याचे कारण नाही.