मॉरिशसचा आयात व्यापार

हिंदी महासागरात मादागास्करच्या पूर्वेस सु. ८०० किमी. अंतरावर असलेल्या मॉरिशस या द्वीपराष्ट्राचा आयात व्यापार हा लहान विकसनशील बेटांच्या अर्थव्यवस्थेचा एक ठळक नमुना होय. रॉड्रिग्ज व इतर छोट्या बेटांसह देशाचे क्षेत्रफळ सु. २,०४० चौ. किमी. असून लोकसंख्या सु. १२.३५ लक्ष (२०२२) आहे. देशात खनिज तेल वा कोळसा नाही. लागवडीखालील जमिनीचा मोठा भाग दीर्घकाळ उसाने व्यापलेला आहे. परिणामी अन्नाचा सु. तीन चतुर्थांश भाग, सर्व खनिज तेल आणि जवळजवळ सर्व यंत्रसामग्री बाहेरून आणावी लागते. आयातीचे मूल्य निर्यातीच्या दुपटीहून अधिक असते व ही तूट पर्यटन, वित्तीय सेवा आणि परकीय भांडवल यांच्या प्राप्तीतून भरून काढली जाते. या परावलंबनाचे कारण म्हणून बेटाच्या लहान आकाराकडे बोट दाखविले जाते. परंतु ते अंशतःच खरे आहे. जमीन कोणत्या पिकाला द्यावी व माणसांचे अन्न कोठून आणावे, यांसंबंधी गेल्या तीन शतकांत झालेल्या निर्णयांतून या व्यापाराची घडण झाली आहे.

डच व फ्रेंच कालखंड : मॉरिशसला मूळ रहिवासी नाहीत. डच खलाशी १५९८ मध्ये येथे उतरले व त्यांनी राजपुत्र मॉरिस याच्या नावावरून बेटाला नाव दिले. १६३८ मध्ये त्यांनी पहिली वसाहत केली. ऊस व हरिण हे दोन्ही त्यांनी जावाहून आणले. आबनूस लाकडाची तोड हा त्यांचा मुख्य उद्योग होता. मात्र वसाहत स्वतःच्या अन्नावर कधीच उभी राहू शकली नाही आणि १७१० मध्ये डचांनी बेट सोडले. १७१५ मध्ये फ्रेंचांनी त्याचा ताबा घेऊन त्यास ‘ईल द फ्रांस’ असे नाव दिले. माए द ला बूर्दॉने हा १७३५ मध्ये गव्हर्नर म्हणून आल्यावर पोर्ट लूइस बंदराची उभारणी झाली. जहाजांना धान्य, पाणी व दुरुस्ती पुरविणारे ठाणे म्हणून बेटाचे महत्त्व वाढले. पण जे धान्य जहाजांना द्यावयाचे तेच पुरेसे पिकत नव्हते. म्हणून तांदूळ व गुरे मादागास्करहून आणि इतर धान्य शेजारच्या बूर्बाँ (सध्याचे रेयून्याँ) बेटावरून येई. गुलामांच्या अन्नाचा प्रश्न सोडविण्यासाठी ला बूर्दॉने याने ब्राझीलमधील मॅनिऑक या कंदाची लागवड सुरू करविली. हे गुलामही मुख्यतः मादागास्कर व पूर्व आफ्रिका येथून आणलेले होते. अठराव्या शतकाच्या अखेरच्या युद्धकाळात फ्रेंच खाजगी लढाऊ जहाजांनी पकडलेल्या ब्रिटिश जहाजांवरील मालही पोर्ट लूइसच्या बाजारात विकला जाऊ लागला. हा उपद्रव थांबविण्यासाठी ब्रिटिशांनी बेटाची नाकेबंदी केली व डिसेंबर १८१० मध्ये ते जिंकून घेतले. १८१४ च्या पॅरिस तहाने हा ताबा कायम झाला.

साखर, मजूर व तांदूळ : आयातीचे आधुनिक स्वरूप १८२५ मध्ये निश्चित झाले, असे म्हणता येईल. त्या वर्षी ब्रिटिश शासनाने मॉरिशसच्या साखरेवरील जकात वेस्ट इंडीजच्या साखरेइतकी खाली आणली. ब्रिटनची बाजारपेठ खुली होताच मळेवाल्यांनी इतर पिके सोडून उसाची लागवड वाढविली. १८२५ मध्ये सु. ११,००० टन असलेले साखरेचे उत्पादन १८५० नंतरच्या दशकात एक लक्ष टनांपलीकडे गेले. १ फेब्रुवारी १८३५ रोजी गुलामगिरी कायद्याने रद्द झाली. सु. ६६,००० गुलामांच्या मोबदल्यात मालकांना वीस लक्ष पौंडांहून अधिक नुकसानभरपाई मिळाली. मुक्त झालेल्यांना काहीच मिळाले नाही. या भांडवलाचा काही भाग नवी यंत्रे व नवे मजूर आणण्याकडे वळला.

मजूर भारतातून आले. १८३४ पासून विसाव्या शतकाच्या प्रारंभापर्यंत सु. ४.५ लक्ष करारबद्ध मजूर पोर्ट लूइसला उतरले व त्यांतील बहुसंख्य तेथेच स्थायिक झाले. कलकत्ता व मद्रास या बंदरांतून मोठा ओघ आला. मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरी व लगतच्या भागांतील मराठी भाषकही होते आणि मॉरिशसमधील आजचा मराठी समाज त्यांच्याच वंशजांचा आहे. १८४६ मध्ये बेटाची लोकसंख्या सु. १.५८ लक्ष होती. ती १८६१ मध्ये सु. ३.१० लक्ष झाली. एवढ्या लोकांना पोसणारे धान्य बेटावर पिकत नव्हते आणि ते पिकविणे मळेवाल्यांच्या दृष्टीने फायद्याचेही नव्हते. करारानुसार मजुराला रोख वेतनाबरोबर तांदूळ, डाळ, मीठ व तूप वा तेल असा शिधा द्यावा लागे. तो बंगालमधून येई. त्यामुळे तांदूळ ही केवळ आयातीची वस्तू न राहता मजुरीचाच एक भाग ठरली. कलकत्त्याचा तांदूळ महाग झाला की साखरेचा उत्पादनखर्च वाढे आणि मळेवाल्यांचे लक्ष लंडनमधील साखरेच्या भावाइतकेच बंगालमधील भाताच्या पिकाकडेही असे.

तांदळाच्या मागोमाग इतर वस्तू आल्या. ब्रिटनमधून गिरणीची यंत्रे, लोखंडी सामान व कापड. मादागास्करहून कत्तलीसाठी व ओढकामासाठी गुरे. आणि थकलेल्या जमिनीसाठी ग्वानो हे खत येऊ लागले. धान्य व कापड यांचा घाऊक व्यापार हळूहळू कच्छ, सुरत इ. भागांतून आलेल्या गुजराती मुसलमान व्यापाऱ्यांच्या हाती गेला. भारताशी असलेल्या या दुहेरी संबंधाचा परिणाम चलनावरही झाला. भारतातून रुपये मोठ्या प्रमाणात येत राहिल्याने १८७६ मध्ये वसाहतीचे अधिकृत चलन म्हणून रुपयाचाच स्वीकार करण्यात आला. १९३४ मध्ये तो ब्रिटिश पौंडाशी जोडण्यात आला.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या व्यवस्थेचे दोष दिसू लागले. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाल्यावर यूरोप-भारत मार्गावरील जहाजे पोर्ट लूइसला टाळू लागली. यूरोपातील बीट साखरेच्या स्पर्धेमुळे उसाच्या साखरेचे भाव उतरले. १८६७-६८ ची हिवतापाची साथ, १८९२ चे चक्रीवादळ व १९०२ मधील सरा या रोगाने झालेली ओढकामाच्या जनावरांची हानी यांमुळे मळ्यांचे उत्पन्न वारंवार घटले. निर्यातीचे उत्पन्न कमी झाले, तरी तांदळाची आयात त्या प्रमाणात कमी करता येत नव्हती. साखर एका पावसात वा वादळात कमी होई; खाणारी तोंडे तेवढीच राहत.

दुसरे महायुद्ध : १९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश व्यापला आणि मॉरिशसला होणारा तांदळाचा मुख्य पुरवठा खंडित झाला. आफ्रिका व भारत यांच्यामधील समुद्रात शत्रूच्या पाणबुड्यांचा वावर असल्याने इतरत्र घेतलेले धान्यही वेळेवर पोहोचेल याची शाश्वती नव्हती. वसाहत शासनाने धान्याची खरेदी व वाटप आपल्याकडे घेतले, शिधावाटप सुरू केले आणि मळेवाल्यांवर जमिनीचा ठराविक भाग मका, मॅनिऑक, रताळी यांसारख्या अन्नपिकांखाली आणण्याची सक्ती केली. भाताची सवय असलेल्या कुटुंबांना मक्याच्या व मॅनिऑकच्या पिठावर दिवस काढावे लागले. गव्हाच्या पिठाचा वापर याच काळात वाढला व तो पुढेही टिकून राहिला. अन्नपिके बेटावर होऊ शकतात, हे या अनुभवाने दाखविले. परंतु ती महाग पडतात, हेही दिसून आले. युद्ध संपताच सक्ती उठली व ती जमीन पुन्हा उसाकडे गेली. शासनाची तांदूळ व पीठ यांच्या व्यापारातील भूमिका मात्र कायम राहिली.

स्वातंत्र्यापर्यंतचा काळ : १९५१ च्या राष्ट्रकुल साखर करारान्वये मॉरिशसच्या साखरेच्या मोठ्या भागास ठरलेल्या भावाने ब्रिटनमध्ये बाजारपेठ मिळाली व आयातीसाठी लागणाऱ्या परकीय चलनाला काहीसे स्थैर्य लाभले. याच सुमारास हिवतापाचे उच्चाटन झाल्याने मृत्युमान झपाट्याने घटले. मुख्य बेटाची लोकसंख्या १९४४ मध्ये सु. ४.१९ लक्ष होती. ती १९६२ मध्ये सु. ६.८२ लक्ष झाली. १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ जेम्स मीड यांनी वाढती लोकसंख्या, एकच पीक आणि बेकारी यांच्या संयोगाने उद्भवणाऱ्या संकटाचा इशारा दिला व श्रमप्रधान उद्योगांची शिफारस केली. पुढे १९६४ पासून आयात वस्तूंना पर्याय निर्माण करणाऱ्या कारखान्यांना विकास प्रमाणपत्रे, करसवलती व संरक्षक जकाती देण्यात आल्या. परंतु बाजारपेठ फार लहान आणि कच्चा माल, यंत्रे व सुटे भाग बाहेरचेच, त्यामुळे या धोरणाने आयात फारशी घटली नाही. तयार मालाऐवजी अर्धवट तयार माल येऊ लागला, एवढाच फरक पडला.

स्वातंत्र्योत्तर प्रवृत्ती : १२ मार्च १९६८ रोजी मॉरिशस स्वतंत्र झाला, तेव्हा निर्यात उत्पन्नाचा नऊ दशांशांहून अधिक भाग साखरेचा होता. १९७० मध्ये निर्यात प्रक्रिया क्षेत्राचा कायदा करण्यात आला. या क्षेत्रातील कारखान्यांना कच्चा माल व यंत्रसामग्री जकातीविना आणता येऊ लागली. लोकर, सूत व कापड बाहेरून आणून तयार कपडे यूरोप व अमेरिकेस पाठविणे, हा या क्षेत्राचा प्रमुख व्यवसाय बनला. आयात ही केवळ उपभोगासाठी न राहता निर्यातीचे साधन बनली, हा या काळातील महत्त्वाचा बदल होय.

दरम्यान साखरेच्या तेजीने आयातीला वेगळीच दिशा दिली. १९७३ मध्ये साखरेचे उत्पादन सु. ७.१८ लक्ष टनांच्या उच्चांकास पोहोचले व १९७४ मध्ये जागतिक भाव विलक्षण वाढले. वेतने व शासकीय खर्च वाढले आणि उपभोग्य वस्तूंची आयात फुगली. फेब्रुवारी १९७५ मधील झेर्वेझ चक्रीवादळाने त्या वर्षीचे उत्पादन सु. ४.६८ लक्ष टनांवर आणले. १९७५ च्या लोमे कराराला जोडलेल्या साखर मसुद्यान्वये यूरोपीय बाजारपेठेत सु. पाच लक्ष टनांचा कोटा हमी भावाने मिळाला, तरी तेजीच्या काळात लागलेल्या खरेदीच्या सवयी तिच्याबरोबर ओसरल्या नाहीत. खनिज तेलाच्या १९७३ व १९७९ च्या भाववाढीने परकीय चलनाची गंगाजळी आटली. १९७९ व १९८१ मध्ये रुपयाचे दोनदा अवमूल्यन करावे लागले व आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक यांच्या कर्जांबरोबर आलेल्या अटींमध्ये तांदूळ व पीठ यांवरील अर्थसाहाय्याचा प्रश्न अग्रभागी आला. आयात धान्याचा किरकोळ भाव हा गरीब कुटुंबाच्या दृष्टीने वेतनाइतकाच महत्त्वाचा असल्याने हा प्रश्न प्रत्येक शासनाला अवघड गेला. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या राज्य व्यापार महामंडळाकडे स्वस्त तांदूळ, पीठ, खनिज तेल इ. जीवनावश्यक वस्तूंची आयात सोपविण्यात आली.

१९८३ नंतर वस्त्रोद्योगाने वेग घेतला. १९८५ च्या सुमारास निर्यात प्रक्रिया क्षेत्राच्या निर्यातीने साखरेला मागे टाकले व सु. १९९० पर्यंत या क्षेत्रात ९०,००० च्या आसपास लोक काम करू लागले. बेकारी ओसरली. मात्र निर्यातीच्या एकूण आकड्यातून आयात कच्च्या मालाची किंमत वजा केली असता उरणारे निव्वळ उत्पन्न साखरेच्या मानाने बरेच कमी असे. साखरेची जवळजवळ सारी किंमत देशातच राही. आयातीवरील परवाने व कोटे याच दशकात क्रमाने काढून टाकण्यात आले. मोटारी, घरगुती विद्युत् उपकरणे व प्रक्रिया केलेले अन्न यांची मागणी वाढली. पर्यटकांच्या हॉटेलांनी तीत भर घातली.

एकविसावे शतक : नव्या शतकात दोन्ही आधार कमकुवत झाले. १ जानेवारी २००५ पासून वस्त्रांवरील बहुतंतू कराराची व्यवस्था संपली व चीनची स्पर्धा खुली झाली. यूरोपीय संघाने साखरेचा हमी भाव चार वर्षांत ३६ टक्क्यांनी कमी केला व साखर मसुदा २००९ मध्ये समाप्त झाला. आयातीचे उगमस्थानही बदलले. पूर्वी ब्रिटन, फ्रान्स व दक्षिण आफ्रिका यांना असलेले स्थान चीन व भारत यांनी मोठ्या प्रमाणात घेतले. २००७ च्या सुमारापासून २०१९ पर्यंत मंगलोरच्या तेलशुद्धीकरण कारखान्यातून खनिज तेलाचा पुरवठा होत असल्याने भारत काही वर्षे आयातीचा पहिल्या क्रमांकाचा स्रोत होता. भारत-मॉरिशस व्यापक आर्थिक सहकार्य व भागीदारी करार १ एप्रिल २०२१ पासून अंमलात आला. उसाच्या चिपाडापासून वीज निर्माण होत असली, तरी एकूण विजेचा सु. चार पंचमांश भाग आयात तेल व कोळसा यांवर अवलंबून आहे.

२०२० मधील जागतिक साथीत पर्यटन थांबले व व्यापारतूट भरून काढण्याचा मुख्य मार्गच बंद झाला. रुपयाचे मूल्य घसरले. २०२२ मध्ये युक्रेनमधील युद्धामुळे तेल व धान्य यांचे भाव चढले. २० जुलै २०२३ रोजी भारताने बासमतीखेरीज इतर पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली, तेव्हा मॉरिशससाठी १४,००० टनांची खास परवानगी देण्यात आली. हे प्रमाण भारताच्या दृष्टीने नगण्य होते. मॉरिशसला मात्र ते शासकीय पातळीवर मागावे लागले.

मूल्यमापन : मॉरिशसच्या आयातीची यादी प्रत्येक पिढीत बदलली. मजूर, तांदूळ, गिरणीची यंत्रे, सूत, खनिज तेल, मोटारी असा तिचा क्रम लागतो. परावलंबनाने देश दरिद्री राहिला, असे मात्र म्हणता येत नाही. आयात सुताने हजारो स्त्रियांना प्रथमच वेतन मिळवून दिले आणि आज मॉरिशसचे दरडोई उत्पन्न आफ्रिकेतील वरच्या श्रेणीत गणले जाते. प्रश्न परावलंबनाचा नसून त्याच्या अटींचा आहे. साखरेचा भाव लंडन व ब्रुसेल्स येथे, कपड्यांचे कोटे जिनीव्हा येथे आणि तांदूळ मिळणे वा न मिळणे कलकत्ता, रंगून व नवी दिल्ली येथे ठरत आले. १९४२ चा ब्रह्मदेश आणि २०२३ ची निर्यातबंदी यांत ऐंशीहून अधिक वर्षांचे अंतर आहे; परंतु दोन्ही वेळा बेटापुढील प्रश्न एकच होता. पैसा हाती असूनही धान्य मिळेलच असे नाही, ही गोष्ट लहान बेटांच्या आयात धोरणात किमतीइतकीच विचारात घ्यावी लागते. धान्याचा राखीव साठा, पुरवठ्याची एकाहून अधिक स्थाने आणि काही जमीन अन्नपिकांसाठी राखणे हे उपाय खर्चिक असले, तरी त्यांचे महत्त्व यातून स्पष्ट होते.