लुगड्याची गोधडी, चिंधीचा कागद



आपल्या कर्जतचं ग्रामदैवत संत गोदड महाराज. आषाढ वद्य एकादशीला, म्हणजे कामिका एकादशीला, त्यांचा रथ निघतो तेव्हा गाव माणसांनी फुलून जातं. 'गोदड' म्हटलं की आपल्याला गोधडी आठवतेच. म्हणून आज आम्ही जुन्या कापडाचा इतिहास सांगणार आहोत. तो राजांच्या बखरीत मिळत नाही. तो आपल्या घरातल्या घडवंचीवर घडी घालून ठेवलेला असतो.

आपल्या आज्या कापड टाकत नसत. नऊवारी लुगडं मध्येच विरलं की विरलेला भाग काढून दंड घालायचा. ते दंडाचं लुगडंही फाटलं की धडक्या तुकड्याचं बाळाला झबलं, दुपटं. उरलेलं गोधडीत. त्यातूनही उरलं तर डोक्यावरच्या हंड्याखाली चुंबळ, सारवायला पोतेरं आणि देवापुढे काकडा. एका लुगड्याला इतके जन्म मिळत. १९७२च्या दुष्काळात आपल्या भागातल्या बाया रोजगार हमीवर खडी फोडायला गेल्या. नवं कापड घेणं दूरच, अंगावरचं टिकवणं हीच मोठी गोष्ट होती. त्या काळात गोधडी ही हौस नव्हती, थंडीतला आधार होता.

चिंधीतून नवी वस्तू करण्याची विद्या घराबाहेरही होती. दौलताबाद-खुलताबाद रस्त्यावर कागजीपुरा नावाचं गाव आहे. मुहम्मद तुघलकाने १३२७ साली राजधानी दौलताबादला आणली, त्या काळापासून तिथे हातकागद होतो असं सांगतात. पुढे गांधीजींच्या प्रेरणेने १९४० साली पुण्यात हातकागद संस्था सुरू झाली. तिथे सुती चिंध्या लागतात. आधी त्या निवडायच्या, बटणं काढायची, बारीक तुकडे करायचे. मग पाण्यात कुटून लगदा करायचा. तो जाळीवर उचलला की पाणी गळतं आणि धागे एकमेकांत गुंतून बसतात. दाबून वाळवला की कागद तयार. कापसाचा धागा लांब आणि चिवट, म्हणून हा कागद टिकतो. त्यासाठी झाडही तोडावं लागत नाही.

लोकरीचंही तसंच. १८१३च्या सुमारास इंग्लंडमधल्या बॅटली गावात बेंजामिन लॉ यांनी जुनी लोकर फाडून पुन्हा सूत काढलं. त्याला 'शॉडी' म्हणतात. आज हरयाणातलं पानिपत त्याचं मोठं केंद्र आहे. परदेशातून आलेले जुने स्वेटर तिथे रंगानुसार वेगळे करतात. त्यामुळे नवा रंग फारसा द्यावा लागत नाही. मग यंत्रात फाडून, कातून ब्लँकेट विणतात. पूरग्रस्तांना, भूकंपग्रस्तांना वाटली जाणारी स्वस्त ब्लँकेटं पूर्वी बऱ्याचदा याच जातीची असत.

मग आता अडलंय कुठे? १९४१ साली इंग्लंडमध्ये पॉलिस्टरचा धागा निघाला. पुढे तो आपल्या साड्यांत आला. धुवायला सोपा, लवकर वाळतो, किमतीला परवडतो. शेतात राबणाऱ्या बाईने तो घेतला, यात तिचं काही चुकलं नाही. पण ती साडी घाम शोषत नाही, सुई तिच्यावरून घसरते आणि तिचा कागदही होत नाही. सुती आणि पॉलिस्टर मिसळून विणलं की ते वेगळं करणं फार कठीण. म्हणून बोहारीण आली की आपण सगळा गठ्ठा देऊन एक पातेलं घेतो, आणि ज्याचं काहीच होत नाही ते शेवटी ओढ्यात किंवा उकिरड्यावर जळताना दिसतं. तो धूर आपल्याच लेकरांच्या छातीत जातो.

या रविवारी घरातले जुने कपडे काढा आणि सुती एकीकडे, बाकीचे दुसरीकडे ठेवा. पुण्याच्या कारखान्यातही निवडण्याचं कामच पहिलं असतं. सुतीची एक गोधडी धरा. थोरल्या बायांना शेजारी बसवा आणि कडेपासून आत येणारा धावदोरा शिकून घ्या. कुठला तुकडा कुणाच्या लुगड्याचा, हेही विचारा. त्या गेल्यावर ते सांगणारं कुणी उरणार नाही.