हेल्वेलिन ओलांडून

ऑगस्ट 1800 सरत आलाय. रात्रीचे अकरा वाजलेत आणि तुम्ही उत्तर इंग्लंडमध्ये, ग्रासमिअरच्या डोंगरकुशीतल्या एका बागेत उभे आहात. चांदणं लख्ख पडलंय. डोरोथी वर्डस्वर्थ एकटीच फेऱ्या घालतेय. कवी असलेला भाऊ विल्यम झोपलाय. दुसरा भाऊ जॉन, ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवरचा दर्यावर्दी, दिवसभर घोड्यावर हिंडून दमलाय, तोही केव्हाच आडवा झालाय.

तेवढ्यात त्यांचा मित्र, कवी सॅम्युएल टेलर कोलरिज येतो. केझिकला राहायला येऊन त्याला जेमतेम महिना झालाय. तिथून इथवरचा रस्ता तेरा मैलांचा. पण तो आलाय साडेनऊशे मीटर उंचीचा हेल्वेलिन ओलांडून. घरी बायको साराचे दिवस भरत आलेत. सोबत त्याच्या ‘ख्रिस्ताबेल’ या कवितेचे कागद आहेत, आणि ते आत्ताच्या आत्ता वाचून दाखवायचेत.

आत चला. पूर्वी या घरात सराई होती. बुटक्या खोल्या, दगडी फरशी, आणि एका खोलीच्या भिंतींना डोरोथीने थंडी अडवायला वर्तमानपत्रं चिकटवलेली. विल्यम झोपेतून उठून अंगावर झगा चढवून येतो. कोलरिज वाचू लागतो. मग डोंगरांच्या गप्पा निघतात. साडेतीन वाजतात तरी कुणी उठत नाही. उद्या डोरोथी हे चार ओळींत रोजनिशीत लिहील, म्हणून तर तुम्ही आज इथे आहात. शाळेत शिकलेली डॅफोडिल्सची कविता आठवते? ती फुलंही आधी तिच्या वहीत डोलली, 1802 च्या एप्रिलमध्ये. विल्यमची कविता नंतर आली. या घराचं अंगण तिने राखलं, कवितांच्या स्वच्छ प्रती तिने केल्या, आणि मला वाटतं, या मैत्रीची खरी यजमानही तीच.

आता ऑक्टोबरमध्ये या. बाहेर पाऊस लागलाय. कोलरिज चिंब भिजून आलाय आणि त्याने ‘ख्रिस्ताबेल’चा दुसरा भाग वाचलाय. सगळे हरखून गेलेत. दुसऱ्या दिवशी पुन्हा ऐकतात, आणखी आवडतो. तिसऱ्या दिवशी, 6 ऑक्टोबरला, ठरतं की ‘लिरिकल बॅलड्स’ या कवितासंग्रहाच्या नव्या आवृत्तीत ही कविता घ्यायची नाही. तुमच्या घशात आवंढा येईल. 1798 ची पहिली आवृत्ती दोघांची होती, निनावी. नव्या आवृत्तीवर नाव असेल एकट्या विल्यमचं. तरीही ती छापखान्याकडे जावी म्हणून मित्राच्या कविता हाताने उतरवून देणाऱ्यांत कोलरिज आहेच. ‘ख्रिस्ताबेल’ छापून यायला 1816 उजाडेल, आणि ती अपुरीच राहील. त्याआधी, 1810 मध्ये, दोघांत मोठं भांडण होईल. ते कळल्यावर या रात्री खोट्या ठरतात असं म्हणणारे भेटतात. मला ते मुळीच पटत नाही. रात्री डोंगर चढून आलेला माणूस खोटा कसा असेल?

एकदा 4 मे 1802 ला थर्लमिअर तळ्याकाठी थांबा. केझिक आणि ग्रासमिअरच्या मधोमध इथे एक खडक आहे. कोलरिजने सकाळी त्यावर अक्षरं कोरलीत. इथे सहा जणांची आद्याक्षरं आहेत: विल्यम, डोरोथी, जॉन, कोलरिज, आणि त्यांच्या मैत्रिणी, हचिन्सन बहिणी मेरी व सारा. पुढे मँचेस्टरच्या पाण्यासाठी इथे धरण बांधतील, खडक फोडतील. उरलेले तुकडे ग्रासमिअरला नेऊन ठेवतील. आज मात्र तो अखंड आहे. डोरोथी त्या अक्षरांचे मुके घेते. विल्यम कोलरिजच्याच चाकूने त्याच्या नावातला ‘टी’ आणखी खोल करतो.

मग निरोप. भाऊबहीण दक्षिणेला ग्रासमिअरकडे निघतात, कोलरिज उत्तरेला. मला विचाराल तर तुम्ही कोलरिजबरोबर जा. तो एकटा आहे, आणि वाटेत बोलायला त्याला कुणीतरी हवंच असतं.