आयुष्यात एकदा तरी सलग ऐकावेत असे 8 म्युझिक अल्बम, आणि त्यांच्यामागचे किस्से

गाणं आवडलं की आपण काय करतो? रीलमध्ये ऐकलेला 20 सेकंदांचा तुकडा शोधतो, प्लेलिस्टमध्ये टाकतो आणि शफल लावतो. आठवडाभरात ते गाणं जुनं होतं. त्याच्या आधी कोणतं गाणं होतं आणि नंतर कोणतं, हे आपल्याला माहीतच नसतं. पण काही गाणी एकटी जन्माला आलेलीच नाहीत. ती एका मोठ्या गोष्टीचा भाग आहेत. त्या गोष्टीचं नाव अल्बम.

अल्बम हा शब्द आला कुठून?

जुन्या 78 आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम 3-4 मिनिटं मावायची. तासभर रंगणारा ख्याल आपल्या गवयांना तेवढ्यात बसवावा लागे. मोठी रचना विकायची तर चार-सहा तबकड्या लागत. त्या जाड पुठ्ठ्याच्या वहीत घालून मिळायच्या. वही दिसायची फोटोच्या अल्बमसारखी, म्हणून तेच नाव पडलं. 1948 मध्ये अमेरिकेच्या कोलंबिया कंपनीने एलपी आणली आणि एका बाजूला 20 मिनिटांहून जास्त संगीत मावू लागलं. मग सुरुवात कशाने करायची, शेवट कुठे करायचा, याचा विचार कलाकार करू लागले.

असाच सलग विचार करून केलेले हे 8 अल्बम. क्रम काळाचा आहे, गुणवत्तेचा नाही.

1. गीतरामायण (1955-56)

खरं तर हा अल्बम नव्हताच, रेडिओवरची मालिका होती. 1 एप्रिल 1955, रामनवमीच्या दिवशी आकाशवाणी पुणे केंद्रावरून पहिलं गीत प्रसारित झालं. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, संगीत सुधीर फडके यांचं. आठवड्याला एक नवं गीत, तेही वर्षभर. त्या वर्षी अधिक मास आला आणि 52 ऐवजी 56 गीतं झाली. रेडिओवर माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर अशा अनेकांनी ती गायली. पुढे बाबूजींच्या एकट्याच्या आवाजात रेकॉर्ड निघाल्या आणि त्याच घराघरांत पोहोचल्या. आपल्याला यातली चार-पाच गीतं पाठ असतात. पण ओळीने ऐकलं की कळतं, गीतं वेगवेगळ्या पात्रांच्या तोंडी आहेत आणि चाल त्या पात्राच्या स्वभावाप्रमाणे बदलते.

2. काइंड ऑफ ब्लू (1959)

जॅझ म्हणजे काय, हे ठाऊक नसेल तर इथून सुरुवात करा. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसने न्यूयॉर्कमधल्या एका जुन्या चर्चमध्ये थाटलेल्या स्टुडिओत फक्त दोन दिवसांत, 2 मार्च आणि 22 एप्रिलला, हा अल्बम रेकॉर्ड केला. साथीला जॉन कोल्ट्रेन आणि बिल इव्हान्ससारखे वादक. रंगीत तालीम जवळजवळ नाहीच. डेव्हिसने हातात दिले ते सुरांचे कच्चे आराखडे आणि सांगितलं, यात राहून वाजवा. राग म्हणजे नुसते स्वर नव्हेत, त्यामुळे ही तुलना ताणू नये. पण ठरलेल्या स्वरांत राहून तिथल्या तिथे सुचेल ते मांडणं आपल्या कानाला परकं वाटत नाही.

गंमत म्हणजे पहिल्या बाजूची तीन गाणी टेपचा वेग किंचित चुकल्यामुळे थोडी चढ्या सुरात छापली गेली. ही चूक दुरुस्त व्हायला 1990चं दशक उजाडलं.

3. कॉल ऑफ द व्हॅली (1967)

संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया, गिटारवर ब्रिजभूषण काब्रा. तिघंही तेव्हा तिशीच्या उंबरठ्यावर होते. तबल्यावर माणिकराव पोपटकर. कल्पनेमागे होते एचएमव्हीचे जी. एन. जोशी, जे स्वतः भावगीत गायक होते.

आज हे तिघं एकत्र म्हटलं की नवल वाटत नाही, पण त्या काळाचा विचार करा. संतूर हे काश्मीरच्या सूफियाना संगीतातलं वाद्य. त्याच्या तारांवर काठ्यांनी आघात करतात, त्यामुळे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड त्यातून निघणार कशी, असं जाणकार विचारत. शिवकुमारांनी तारांची रचना बदलली, वाजवण्याची पद्धत बदलली आणि वर्षानुवर्षं टीका ऐकून घेतली. गिटार तर परदेशी, सिनेमातलं वाद्य. काब्रा ती मांडीवर आडवी ठेवून पट्टी सरकवत वाजवायचे. म्हणजे शास्त्रीय संगीताच्या दारात ताटकळत उभी असलेली दोन वाद्यं आणि एक तरुण बासरीवाला, असा हा मामला होता.

गोष्ट साधी आहे. काश्मीरच्या खोऱ्यातल्या एका मेंढपाळाचा एक दिवस. पहाटेला अहिर भैरव, मग एकेका प्रहराचे राग, संध्याकाळी भूप आणि शेवटी पहाडी. राग-वेळेचं नातं पुस्तकात वाचून जे समजत नाही, ते इथे पाऊणएक तासात कानाला कळतं. ज्यांना शास्त्रीय संगीत ‘झेपत नाही’, त्यांच्यासाठी याहून सोपं दार नाही. पुढे याच दोघांनी शिव-हरी नावाने ‘सिलसिला’ आणि ‘चांदनी’ला संगीत दिलं.

4. सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड (1967)

बीटल्सने तोवर दौरे बंद केले होते. स्टेजवर वाजवायचं नाही म्हटल्यावर स्टुडिओत हवा तेवढा वेळ घालवता आला. फक्त चार ट्रॅकच्या मशिनवर त्यांनी सर्कशीचे आवाज, अख्खा वाद्यवृंद असं सगळं एकावर एक रचलं. कव्हरच्या मागे सगळ्या गाण्यांचे शब्द छापले, तेही तेव्हा नवीन होतं.

दुसरी बाजू सुरू होते जॉर्ज हॅरिसनच्या गाण्याने. त्यात दिलरुबा, तबला आणि तंबोरा आहे. लंडनमध्ये राहणाऱ्या भारतीय वादकांनी ते वाजवलं, पण कव्हरवर त्यांची नावं नव्हती. जगातल्या सर्वात गाजलेल्या अल्बमपैकी एकात वाजवूनही ही माणसं कित्येक दशकं अनामिक राहिली.

5. द डार्क साइड ऑफ द मून (1973)

हृदयाच्या ठोक्यांनी सुरू होतो, ठोक्यांवरच संपतो. मध्ये वेळ, पैसा, मरण आणि वेड. पिंक फ्लॉइडचा हा अल्बम 1988 पर्यंत अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत तब्बल 741 आठवडे होता. गाणी एकमेकांत मिसळलेली असल्याने शफलवर ऐकलात तर वाटच लागते.

यातल्या एका तुकड्यात शब्दच नाहीत, फक्त एका बाईचा आक्रोश आहे. क्लेअर टोरी ही स्टुडिओत रोजंदारीवर गाणारी गायिका. तिला फार काही सांगितलं गेलं नाही, तिने तिथल्या तिथे गायलं, 30 पौंड घेतले आणि घरी गेली. अल्बमवर गायिका म्हणून तिचं नाव आलं, पण रचनेचं श्रेय एकट्या रिचर्ड राइटला. 2004 मध्ये ती कोर्टात गेली, 2005 मध्ये तडजोड झाली आणि त्यानंतरच्या आवृत्त्यांवर रचनेतही तिचं नाव लागलं. 30 वर्षांहून जास्त काळ लागला.

6. शिवकल्याण राजा (1974)

शिवराज्याभिषेकाच्या 300व्या वर्षी आलेला हा अल्बम. संगीत हृदयनाथ मंगेशकर, आवाज लता मंगेशकर, निवेदन बाबासाहेब पुरंदरे. रामदास आणि भूषण हे शिवकाळातले, तर गोविंदाग्रज, सावरकर, कुसुमाग्रज विसाव्या शतकातले. 300 वर्षांच्या अंतरावरचे कवी एका माळेत ओवलेत. यातली दोन-तीन गाणी दर शिवजयंतीला डीजेवर वाजतात. बाकीची ऐका. त्यात पराक्रमाइतकंच दुःखही आहे.

7. थ्रिलर (1982)

गाणी फक्त 9, त्यातली 7 अमेरिकेत टॉप टेनमध्ये. भरतीचं गाणं असं नाहीच. एका गाण्यातला गिटारचा तुकडा रॉकस्टार एडी व्हॅन हेलनने एक पैसाही न घेता वाजवला. एमटीव्हीवर तेव्हा कृष्णवर्णीय कलाकार क्वचितच दिसत. ‘बिली जीन’च्या व्हिडिओने ते दार उघडलं.

8. गारवा (1998)

नव्वदीतल्या मराठी पोरांना हा वेगळा सांगायला नको. मिलिंद इंगळेंचं संगीत आणि आवाज, सौमित्र म्हणजे किशोर कदम यांचे शब्द. गाण्याआधी कवी स्वतः कविता बोलतो आणि त्या बोलण्यातूनच गाणं उगवतं. प्लेलिस्टमध्ये फक्त गाणं घेतलं तर निम्मा पाऊस बाहेरच राहतो. सिनेमाचा आधार नसतानाही मराठी कॅसेट तरुणांच्या हातात जाऊ शकते, हे याने दाखवलं.

ऐकायचं कसं?

सोपं आहे. शफल बंद करा, नोटिफिकेशन बंद करा, पहिल्या गाण्यापासून सुरुवात करा. यातले बहुतेक अल्बम तासाभरात संपतात. गीतरामायण मोठं आहे, ते मूळ पद्धतीने आठवड्याला एक गीत असं ऐकलंत तरी चालेल. एखादं गाणं आवडलं नाही तर लगेच पुढे ढकलू नका, त्याची जागा तिथे का आहे ते शेवटी कळतं.

आणि एक काम नक्की करा. अल्बम संपला की कोणी काय वाजवलं ते शोधून वाचा. पूर्वी ते कव्हरच्या मागे छापलेलं असायचं. आता स्क्रीनवर एकच मोठं नाव दिसतं, आणि पोपटकरांचा तबला किंवा क्लेअर टोरीचा आवाज कोणाचा, हे शोधल्याशिवाय कळत नाही.