झाडावर बर्फ चढवायचा कसा? एका खोट्या हिवाळ्याचा खरा इतिहास

ज्यांना हेडफोन लावून ऐकायला जमत नाही, त्यांच्यासाठी या भागाची ही लिखित आवृत्ती. बोलण्याच्या ओघात आलेलं थोडं इकडचं तिकडचं काढलंय, बाकी सगळं तसंच ठेवलंय.

आजची गोष्ट माझ्या फजितीपासून सुरू होते.

बीटेक झाल्यावर माझी पहिली नोकरी पुण्यातल्या एका छोट्या ॲनिमेशन स्टुडिओत होती. मी काही चित्रकार नव्हे. कलाकारांचं काम सोपं व्हावं म्हणून छोटे-छोटे प्रोग्राम लिहायचो. प्रोबेशनचा चौथा महिना चालू होता. एका जाहिरातीसाठी डोंगरउतारावरचं देवदारासारख्या झाडांचं जंगल हवं होतं, बर्फाने लदलेलं. झाडं तयार होती, बर्फ माझ्याकडे आला. दोन दिवस खपून मी तो चढवला आणि अभिमानाने आमच्या सीनियर मॅडमना दाखवला.

त्या स्क्रीनकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "अरे, ही झाडं बर्फातली नाही वाटत. चुन्यात बुडवून काढल्यासारखी दिसतायत. तू बर्फ पडलेला कधी पाहिलायस का?"

नव्हता पाहिला. माझा जन्म बार्शीचा. आमच्याकडे बर्फ म्हणजे गोळेवाल्याच्या रंध्यावर घासला जातो तो. मॅडमनी सोमवारपर्यंत मुदत दिली. "नाही जमलं तर सांग, दुसऱ्या कुणाला देऊ," असंही म्हणाल्या. प्रोबेशनवरच्या माणसाला या वाक्याचा अर्थ बरोबर कळतो.

त्या शुक्रवारी रात्री मी वाचत बसलो, की माझ्याआधी हे काम लोकांनी केलं तरी कसं. आजचा भाग त्या वाचनातून आलाय.

कॉम्प्युटरच्या आधी

खोटा बर्फ ही सिनेमाची फार जुनी गरज. हॉलिवूड कॅलिफोर्नियात, म्हणजे उन्हात. तिथे बर्फासाठी कापूस वापरला, मीठ वापरलं, पीठ वापरलं. कापूस दिव्यांच्या उष्णतेने पेटायचा, म्हणून पुढे चक्क ॲस्बेस्टॉस आलं. ते जळत नाही, पण फुप्फुसाची वाट लावतं. नंतर पांढरे रंगवलेले कॉर्नफ्लेक्स वापरात आले. त्यांच्यावरून नट चालला की एवढा कुरकुर आवाज व्हायचा, की संवाद पुन्हा रेकॉर्ड करावे लागायचे. १९४६ च्या 'इट्स अ वंडरफुल लाइफ' या सिनेमासाठी आग विझवायचा फेस, साबण आणि पाणी यांचं मिश्रण करून नवा, आवाज न करणारा बर्फ बनवला गेला. शूटिंग उन्हाळ्यातलं होतं, आणि नट ओव्हरकोट घालून घामाघूम.

पण एक लक्षात घ्या. कापूस असो की फेस, तो कुठे टिकेल आणि कुठून घसरेल हे ठरवायला सेटवर गुरुत्वाकर्षण हजर होतं. कॉम्प्युटरमध्ये तेही नसतं. तिथे फांदीला वरची बाजू कोणती हेसुद्धा आपणच सांगावं लागतं.

आधी झाड तर हवं

१९६८ मध्ये अरिस्टिड लिंडेनमायर या हंगेरीत जन्मलेल्या जीवशास्त्रज्ञाने वनस्पतींची वाढ लिहून ठेवायची एक पद्धत मांडली. तिला एल-सिस्टिम म्हणतात. कल्पना अगदी सोपी आहे. समजा, नियम असा, की प्रत्येक 'क' च्या जागी 'कख' लिहायचं आणि प्रत्येक 'ख' च्या जागी 'क'. सुरुवात 'क' पासून करा. मग येतं कख, मग कखक, मग कखककख. दोन ओळींचा नियम, पण वाढ थांबतच नाही. अक्षरांऐवजी 'पुढे जा', 'वळ', 'फांदी फोड' अशा आज्ञा ठेवल्या, की कागदावर झाड उगवतं.

ही कल्पना जीवशास्त्रातून ग्राफिक्समध्ये यायला काही वर्षं गेली. दरम्यान विल्यम रीव्ज या इंजिनिअरने दुसरी वाट काढली. 'स्टार ट्रेक'च्या १९८२ च्या सिनेमातली पसरणारी आग त्याने हजारो छोट्या कणांतून उभी केली होती. तीच पार्टिकल सिस्टिम वापरून १९८४ च्या 'द ॲडव्हेंचर्स ऑफ आंद्रे अँड वॉली बी' या छोट्या फिल्ममध्ये अख्खं जंगल उभं राहिलं. ज्या गटाने ही फिल्म केली, तोच पुढे पिक्सार झाला.

म्हणजे झाडाचा प्रश्न सुटत चालला होता. बर्फाचा मात्र नव्हता.

माझी चूक कुठे होती?

बर्फ दाखवायची सगळ्यात स्वस्त युक्ती आजही गेममध्ये सर्रास वापरतात. पृष्ठभागाचा प्रत्येक छोटा तुकडा कोणत्या दिशेला तोंड करून आहे ते बघायचं. तोंड आकाशाकडे असेल तर पांढरा, नसेल तर मूळ रंग. बारावीत ज्याने छळलं तो व्हेक्टरचा डॉट प्रॉडक्ट इथे कामाला येतो. मीही हेच केलं होतं. वर 'बर्फ कमी वाटतोय' म्हणून आकडा वाढवत नेला, तर बाजूचे उभे भागही पांढरे झाले. आणि डोक्यात गोळेवाल्याचा बर्फ असल्यामुळे वरून चमकही दिली! मराठीत आपण बोलताना दोन्हीला बर्फच म्हणतो. फ्रीजमधला तोही बर्फ आणि आभाळातून पडतो तोही बर्फ. 'हिम' हा शब्द पुस्तकातच राहतो. पण ही दोन रूपं दिसायला अगदी वेगळी. ताज्या हिमात साधारण नव्वद टक्के तर नुसती हवाच असते.

चमक काढून टाकली तरी या युक्तीत दोन भोकं राहतात. एक, बर्फाला जाडीच नाही, तो फक्त रंग आहे. दुसरं जास्त गंभीर. शेंड्याची फांदी आणि तिच्याखाली दडलेली फांदी, दोघींचं तोंड वरच आहे, म्हणून दोघी सारख्याच पांढऱ्या होतात. प्रत्यक्षात वरच्या फांदीने खालचीचा वाटा आधीच अडवलेला असतो.

फिअरिंगने प्रश्न उलटा केला

सन २०००. कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये, युनिव्हर्सिटी ऑफ ब्रिटिश कोलंबियात पॉल फिअरिंग नावाचा संशोधक नेमकं हेच कोडं सोडवत होता. त्या वर्षी सिग्राफ या ग्राफिक्सच्या मोठ्या परिषदेत त्याने आपला पेपर मांडला. विषय होता, पडून साचलेल्या बर्फाचं कॉम्प्युटर मॉडेल.

सरळ विचार केला तर काय कराल? आकाशातून कण सोडाल, जिथे पडतील तिथे थर लावाल. अडचण अशी, की बहुतेक कण मोकळ्या जमिनीवर जातात. झाडाच्या बारीक काटकीच्या वाट्याला एखादा आला तर आला. काटकीवरचा थर नीट दिसायला प्रचंड संख्येने कण सोडावे लागतील.

फिअरिंगने दिशाच उलटी केली. त्याने कण पृष्ठभागावरून वर, आकाशाकडे सोडले. काटकीवरच्या एका ठिकाणाहून समजा शंभर कण निघाले. हिमकण सरळ रेषेत पडत नाहीत, भिरभिरत येतात, म्हणून हे कणही भिरभिरत वर जातात. त्यातले किती आकाशापर्यंत पोचले आणि किती वाटेत अडकले, ते मोजायचं. जेवढे पोचले तेवढा त्या जागेचा बर्फावर हक्क. जिथे बारकावे जास्त, तिथून जास्त कण सोडायचे आणि मोकळ्या मैदानात थोडक्यात भागवायचं. प्रश्न 'कण कुठे पडतो' असा होता, तो 'या फांदीला आभाळ किती दिसतं' असा झाला.

मग दुसरा टप्पा. थर तर लागला, पण टिकेल का? उतार जास्त असेल तर वरचा बर्फ शेजारच्या खालच्या जागेवर सरकवायचा. शेजारी जागाच नसेल तर कडेवरून खाली टाकायचा, मग तो खालच्या फांदीवर पडो नाहीतर जमिनीवर. सगळं स्थिर होईपर्यंत हेच परत-परत. थोडक्यात, प्रत्येक फांदीवर चिमुकली हिमस्खलनं.

मामाची गिरणी

हे वाचून कळलं, पण पटलं नाही. किती उतारावर बर्फ थांबतो? काटकीवर तो दिसतो कसा? डोळ्यासमोर काहीच येईना. शनिवारी घरी बार्शीला गेलो आणि मामाकडे चक्कर मारली. मामाची पिठाची गिरणी आहे. लहानपणापासून हजार वेळा गेलो असेन. त्या दिवशी दारातच थांबलो.

आत सगळीकडे बर्फ पडला होता!

छतावरून आलेल्या वायरीच्या पाठीवर पिठाची बारीक वरंबी होती, पोटाखाली जवळजवळ काहीच नाही. कोपऱ्यातल्या कोळिष्टकांचे धागे सुतळीएवढे जाड झाले होते. फळीवर जाड थर, फळीच्या बरोबर खाली विरळ. उभ्या भिंतीवर नुसता हात फिरवल्यासारखा पांढरेपणा, पण भिंतीतल्या खिळ्याच्या डोक्यावर चिमूटभर ढीग. खाली पोत्यातून सांडलेल्या ज्वारीचा ढीग पसरट होता, शेजारी पिठाचा ढीग मात्र चांगला उभा. दाणा घरंगळतो, पीठ एकमेकांना धरून राहतं. फिअरिंगचे दोन्ही टप्पे समोर दिसत होते.

मी मोबाइलवर वायरीचे फोटो काढत होतो. मामा म्हणाला, "काय बघायलास रे खुळ्यागत? पीठ कधी बघितलं न्हाईस?"

खरं सांगायचं तर नव्हतं बघितलं.

पीठ म्हणजे हिम नव्हे, हे मान्य. हिमाचे स्फटिक एकमेकांना चिकटून गोठतात, म्हणून बर्फ दोन काटक्यांच्या मधल्या फटीवरसुद्धा पूल बांधतो. पिठाला ते जमत नाही. पण जाडी, सावली आणि उतार या तीन गोष्टी मला गिरणीने शिकवल्या.

पुढे काय झालं?

फिअरिंगचा बर्फ पडून राहिलेला होता. फांदी हलली आणि बर्फ धप्पकन खाली आला, तर? यासाठी २०१३ साल उजाडावं लागलं. डिस्नेच्या 'फ्रोजन'च्या वेळी अलेक्सी स्टोमाखिन आणि सहकाऱ्यांनी, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिसमधल्या गणितज्ञांना सोबत घेऊन, 'मटेरियल पॉइंट मेथड' ही इंजिनिअरिंगमधली पद्धत बर्फाला लावली. बर्फाची गंमत अशी, की तो घन पदार्थासारखा उभाही राहतो आणि द्रवासारखा वाहतोही. त्यांनी वस्तुमान आणि वेग कणांकडे ठेवला, जोर कुणावर किती याचा हिशेब मात्र मागे आखलेल्या चौकटींवर केला. त्यामुळे बर्फाचा गोळा वळतो, दाबला जातो आणि फुटतोही.

उजेडाचं कोडं वेगळंच. बर्फ पांढरा रंगवून भागत नाही. उजेड आत शिरतो, असंख्य स्फटिकांवर आपटत भलतीकडूनच बाहेर पडतो. दुधात आणि संगमरवरातही हेच होतं. हे कमी वेळात कसं मोजायचं ते हेन्रिक येन्सेन आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दाखवलं. आणि उन्हातल्या बर्फावरची सावली काळी नसते, निळसर असते, कारण तिथे फक्त आभाळाचा उजेड पोचतो. परत आभाळच!

सोमवार

रविवारी रात्री मी फिअरिंगच्या कल्पनेची अगदी गरिबाघरची आवृत्ती लिहिली. प्रत्येक फांदीवरून थोडे किरण वर, उताराची एक मर्यादा आणि उरलेलं खाली. चमक बंद. सोमवारी मॅडमनी बराच वेळ बघितलं. मग म्हणाल्या, "खोडाच्या एका बाजूला वाऱ्याचा बर्फ लाव थोडा. बाकी राहू दे." त्या 'राहू दे'वर माझी नोकरी पक्की झाली.

आज ब्लेंडरसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ॲड-ऑन घ्या, झाड निवडा, बटण दाबा, बर्फ तयार. एआयला सांगितलं तर अख्खं जंगल मिनिटाच्या आत मिळेल. चांगलंच आहे, मीही वापरतो. पण आलेलं चित्र बर्फाचं आहे की चुन्याचं, हे बटण सांगत नाही. ते ओळखायला आधी काहीतरी नीट बघितलेलं असावं लागतं, आणि त्यासाठी मनालीचं तिकीट लागतंच असं नाही.

म्हणून आजचा गृहपाठ. पुढच्या पावसाची पहिली सर आली, की जवळच्या वडाखाली किंवा चिंचेखाली जमीन बघा. कुठे कोरडी राहिली, कुठे ठिपके पडले, कडेला ओल कशी वाढत गेली? तिथल्या मातीला आभाळ किती दिसतं, त्याचा तो नकाशा आहे. फोटो काढून कॉमेंटमध्ये टाका.

भेटूया पुढच्या भागात. तोवर, बघत राहा!