दोन खिडक्या, एक कळफलक

पोर्तुगीज राजवट १९५४ साली गेली, पण कागद एकाहून अधिक भाषांत काढण्याचे काम सिल्वासात राहिले ते राहिलेच. माझ्या टेबलावरही तेच. पालकांना पत्र मराठीत आणि गुजरातीतही. संगणक आल्यापासून दोन्ही पत्रे दोन खिडक्यांत उघडी असतात. आल्ट धरून टॅब दाबली की मागची खिडकी पुढे येते.

ही सोय आयती मिळालेली नाही. टेबलावरच्या कागदांसारख्या एकमेकींवर येणाऱ्या खिडक्या सत्तरच्या दशकात अमेरिकेत, झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात घडल्या. मायक्रोसॉफ्टची पहिली ‘विंडोज’ १९८५ साली निघाली, तेव्हा तिच्यात खिडक्या फरश्यांसारख्या शेजारी शेजारीच बसत. त्या एकमेकींवर येऊ लागल्या १९८७ च्या दुसऱ्या आवृत्तीत.

आपल्यासारख्या दुभाषी मुलखाचा इतिहास मात्र पुढचा. ‘विंडोज २०००’मध्ये मराठी आली, गुजराती २००१ च्या एक्सपीत. आणि १९९१ च्या भारतीय मानकाने कळफलक असा आखलेला, की देवनागरी ‘क’ ज्या कळीवर, गुजराती ‘क’ही त्याच कळीवर. बोटांना लिपी कळतच नाही! ती जबाबदारी खिडकीची. ‘विंडोज ७’पर्यंत प्रत्येक खिडकी आपली भाषा लक्षात ठेवी. २०१२ च्या ‘विंडोज ८’पासून, सेटिंगमध्ये जाऊन वेगळे सांगितले नाही, तर एकदा निवडलेली भाषा साऱ्याच खिडक्यांना लागू झाली.

हे मला ठाऊक नव्हते. नवे यंत्र आले त्या आठवड्यात एका विद्यार्थ्याच्या गैरहजेरीबद्दल मी मराठी पत्र टंकले. नजर हजेरीपटावर, बोटे कळांवर. शाळा सुटायची घाई, न वाचताच सही केली. शब्द मराठी, लिपी गुजराती, असे ते पत्र घरी गेले.

दुसऱ्या दिवशी मुलाची आई आली. मी माफीच मागायला लागलो, तर ती म्हणाली, “सर, यावेळचं पत्र मी स्वतः वाचलं.” घरात मराठी बोलणाऱ्या या बाईंचे शिक्षण गुजराती शाळेत झालेले, देवनागरीची सवय नाही. आधीची तीन पत्रे मुलानेच त्यांना वाचून दाखवली होती. काय वाचून दाखवले, ते त्यालाच माहीत.

नंतर मी पालकांची यादी काढून चौकशी केली. अशी आणखी चार घरे निघाली. त्यांच्यासाठी आता मराठी पत्र दुसऱ्या खिडकीत पुन्हा टंकतो. कळा त्याच, फक्त खाली कोपऱ्यातली भाषा आधी पाहून घेतो.