ढाक्याचे रक्षण आणि मेघना

ढाक्याच्या पूर्वेस मेघना, नैर्ऋत्येस पद्मा, पश्चिमेस जमुना. १९७१ साली पाकिस्तानच्या पूर्व विभागाचे सेनापती लेफ्टनंट जनरल नियाझी यांनी राजधानीचे रक्षण बव्हंशी या पाण्यावर सोपवले आणि सैन्य सीमेलगतच्या शहरांत विखुरले. कारण लष्करी कमी, राजकीय अधिक होते. सीमेवरील एखादा भूभाग हातचा गेला, तर तेथे बांगलादेशाचे सरकार बसेल, ही धास्ती. माझ्या मते खरी चूक हीच. ढाक्यात पुरेसे राखीव बळ उरले नाही.

९ डिसेंबरला पाकिस्तानी सैन्याने आशुगंजचा रेल्वे पूल उडवला आणि पलीकडे भैरब बाजारला ठाण मांडले. पूल पाडला की वाट अडली, हा हिशेब वरकरणी बरोबरच होता. परंतु चौथ्या कोअरचे लेफ्टनंट जनरल सगतसिंग यांनी तेथे झुंजण्याचे टाळले. त्याच दिवशी एमआय-४ हेलिकॉप्टरांनी जवानांना दक्षिणेकडून नदीपार रायपुऱ्याकडे व पुढे नरसिंगदीला उतरवण्यास आरंभ झाला. तोफा व दारूगोळा नेण्यासाठी गावकऱ्यांनी होड्या दिल्या. मार्चपासून ज्या प्रजेवर अत्याचार केले, नदीवरच्या नावा तिच्याच हाती होत्या! (आम्हा प्रशासकांनाही नकाशावर नदी दिसते, नावाडी दिसत नाही.)

भैरब बाजारच्या फौजेला भारतीयांनी थोड्या बळानिशी जागीच अडकवून ठेवले. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागतीपत्रावर सही झाली, तेव्हाही ती तेथेच होती.